मावशी, सिस्टर, आशाताई

इस्पितळाच्या आवारात पाऊल टाकताच आपल्याकडील मनुष्याला चहूकडून नातलग भेटू लागतात. परिचारिका ही 'सिस्टर', पुरुष असेल तर 'ब्रदर'. चादर बदलणारी आणि भांडे उचलणारी ती 'मावशी', स्ट्रेचर ढकलणारा तो 'मामा', आणि गावात दारोदार फिरून तापकऱ्यांची नोंद घेणारी ती 'आशाताई'. या गोतावळ्यातून सुटलेले 'सर' आणि 'मॅडम' असे दोघेच. त्यांतल्या मॅडमनाही, गळ्यात स्टेथोस्कोप लटकत असताना, रोग्यांचे निम्मे आप्त 'सिस्टर, जरा इकडे या' अशीच हाक घालतात. या संबोधनांत आपुलकी नाही असे आमचे म्हणणे नाही. परंतु ज्याला नाते चिकटविले त्याच्याशी हिशेब करण्याचे दायित्व आपोआप टळते, ही सोय समाजाने, आणि त्याहूनही सरकारदरबाराने, फार पूर्वीच हेरलेली आहे. आणि कोरोनाच्या साथीत शुश्रूषा करणाऱ्या स्त्रियांच्या मनावर जो ताण आला, त्याचे मूळ शोधू गेल्यास ते विषाणूइतकेच या सोयीतही सापडते.

१८९६ साली मुंबईत प्लेगने शिरकाव केला आणि पुढील फेब्रुवारीत सरकारने अवघ्या चार कलमांचा साथरोग कायदा करून अंमलदारांच्या हाती मोठा अखत्यार दिला. त्यानंतर पाच आठवड्यांच्या आतच, १० मार्च १८९७ रोजी, पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले यांना त्याच रोगाने मृत्यू आला. ते काम त्यांनी स्वेच्छेने पत्करले होते. त्यांच्या पुण्यस्मरणाच्या आधारे रोजंदारीवरील मावशीला त्यागाचा पाठ देणे हा मात्र त्या थोर नावाचा गैरवापर होय, कारण या मावशीला नाही म्हणण्याची मुभाच नसते. त्या कायद्यात रोग्याच्या उशाशी बसणाऱ्याच्या रक्षणाचा विचार शिरला तो २२ एप्रिल २०२० च्या वटहुकमाने, आणि तोही आरोग्यसेवकांवर हात उगारणाऱ्यास कैदेची शिक्षा फर्माविण्यापुरता. दगड मारणाऱ्याचा बंदोबस्त झाला. पाळीचे तास, रजा आणि पगार या बाबी जेथल्या तेथे राहिल्या.

आमच्या शेजारच्या इमारतीत राहणाऱ्या एका परिचारिकेची त्या उन्हाळ्यातील संध्याकाळ आम्ही गॅलरीतून कितीदा तरी पाहिली आहे. लिफ्ट वापरू नये असे सोसायटीने रखवालदारामार्फत कळविले असल्याने ती मागच्या जिन्याने चढे. जिन्याच्या वळणावर मुलीने आणून ठेवलेली कढत पाण्याची बादली आणि साडीचा आडोसा असे. पीपीई किटमध्ये अडचण नको म्हणून उतरविलेले मंगळसूत्र रुमालाच्या गाठीत असे, आणि त्यावरून सासूबाईंनी काढलेला अपशकुनाचा विषय तीन मजले ऐकू जाई. सहा-सात तास पाण्याचा घोट न घेता, लघवीला जाता येत नाही म्हणून डायपर बांधून, मासिक पाळीच्या दिवसांतही पुरुषी मापाच्या त्या घामट पोषाखात उभी राहिलेली ही बाई अंघोळ आटोपून घरात शिरे, तेव्हा आतून पहिले वाक्य येई, "कणीक मळून ठेवली आहे, पोळ्या तेवढ्या राहिल्यात." वाक्यात दुष्टावा नव्हता; कणीक मळून ठेवली हेच त्या घराला मोठे सौजन्य वाटत होते. त्याच वर्षी २२ मार्चला आरोग्यसेवकांच्या गौरवार्थ याच इमारतीच्या गॅलऱ्यांतून थाळ्या वाजल्या होत्या.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने आरोग्यक्षेत्रातील सुमारे ७० टक्के मनुष्यबळ स्त्रियांचे आहे, तर वरिष्ठ पदांपैकी जेमतेम चतुर्थांश त्यांच्याकडे. महाराष्ट्रात या उतरंडीची शेवटची पायरी म्हणजे सुमारे सत्तर हजार आशा, ज्यांना दप्तरी भाषेत 'स्वयंसेविका' म्हणतात. सप्टेंबर २०२० पासून 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' या मोहिमेत तापमापक आणि ऑक्सिमीटर घेऊन त्या उंबरे झिजवीत होत्या. त्यांच्या मागे त्यांच्या कुटुंबाची जबाबदारी कोणाची, हे त्या घोषणेत नव्हते. कोरोनाच्या कामाचा केंद्राचा मोबदला महिना एक हजार, म्हणजे दिवसाला तेहेतीस रुपये. जून २०२१ मध्ये त्या संपावर गेल्या तेव्हा कुठे राज्याने दीड हजारांची वाढ मान्य केली. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला आणि २०२४ मध्ये मानधन पाच हजारांनी वाढले, तरी 'मानधन' हा शब्द जाऊन 'वेतन' हा शब्द काही आला नाही.

पुरुषांचे सारे सुखाने चालले होते असेही नाही. प्लास्टिकच्या पिशवीत प्रेते बांधणाऱ्या मामाला भय वाटते असे म्हणण्याची परवानगी ना घरी होती, ना कामावर. स्त्रीच्या थकव्याला घराने काम लावले आणि पुरुषाच्या भीतीला कुलूप. मात्र त्याला निदान आयते ताट मिळत होते, हा फरक आम्ही क्षुल्लक मानीत नाही.

या सर्वांवर उपाय म्हणून समुपदेशनाचे दूरध्वनी क्रमांक भिंतींवर चिकटविण्यात आले. पुरेशी झोप घ्या, दीर्घ श्वसन करा. सल्ला खोटा नव्हता, पण ज्या कंत्राटी मावशीला लाट ओसरताच घरी बसविले गेले, तिची झोप श्वसनाने येणारी नव्हती. पुढील साथीचा आराखडा करताना बायकांच्या मापाचे किट, रात्रपाळीनंतर घरी पोहोचविणारी गाडी, पाळणाघर, विलगीकरणाची भरपगारी रजा आणि साथ सरल्यावर कंत्राट न तोडण्याची लेखी हमी, एवढ्या बाबी त्यात याव्यात असे आमचे मागणे आहे. यांतील एकही समुपदेशकाच्या अखत्यारीतील नाही. त्या साऱ्या वित्त विभागाच्या मंजुरीने सुटणाऱ्या आहेत, आणि तेथे अद्याप कोणी कोणाला मावशी म्हणत नाही.