छुप्या कॅमेऱ्याला सेवाग्रामची अट हवी

लॅटव्हियातल्या रीगा शहरी १९३८ साली वाल्टर झाप यांचा मिनॉक्स कॅमेरा विक्रीला आला. लांबी जेमतेम ८ सेंटिमीटर, निगेटिव्ह ८ बाय ११ मिलिमीटरचे, आणि २० सेंटिमीटरवरचा कागदही भिंगात स्वच्छ टिपला जाई. झाप यांना तो सामान्य माणसाच्या खिशासाठी हवा होता. पुढे तो हेरांचा लाडका झाला. त्याच सुमारास आपल्या वर्ध्याजवळ, पुढे सेवाग्राम झालेल्या शेगावात, गांधीजींच्या पुतण्याचे चिरंजीव कनू गांधी रोलिफ्लेक्स चालवू लागले. घनश्यामदास बिर्लांनी दिलेल्या १०० रुपयांतून आलेला हा कॅमेरा छातीशी धरून वरून काचेत पाहायचा. लपवायची सोयच नाही. शिवाय गांधीजींच्या अटी तीन: फ्लॅश नको, कुणाला पोज द्यायला सांगायचे नाही, आश्रमाचा पैसा मिळणार नाही. तरीही बापूंच्या रोजच्या जगण्याची त्यांच्याइतकी जवळून घेतलेली छायाचित्रे क्वचितच कुणाची असतील. ही जवळीक विश्वासातून आली होती, आणि त्या विश्वासाला मर्यादाही होती. १९४४ मध्ये आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा अखेरच्या घटका मोजत असताना गांधीजींनी कनूंना छायाचित्र घेऊ दिले नाही. पुतण्याच्या मुलालाही तिथे मनाई होती.

आज मात्र पेनात, चार्जरमध्ये, भिंतीवरच्या घड्याळात कॅमेरा दडवून सर्रास विकला जातो. यंत्राचा काय दोष, दोष माणसाचा, असे विक्रेते म्हणतील. पण मोबाइल हातात दिसतो तरी. चार्जरचे सोंग घेतलेला कॅमेरा मात्र समोरच्याला कळू नये म्हणूनच बनवलेला असतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. २००१ मध्ये ‘तहलका’ या वृत्त-संकेतस्थळाने छुप्या कॅमेऱ्यानेच संरक्षण खरेदीतली लाचखोरी उघडी पाडली. ते काम मोलाचे होते, कारण तिथे सार्वजनिक पदावरच्यांचा सार्वजनिक व्यवहार टिपला गेला. वसतिगृहाच्या न्हाणीघराला तो न्याय लावता येत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ नुसार स्त्रीचे असे चोरून चित्रण करणाऱ्याला पहिल्याच गुन्ह्यात १ ते ३ वर्षे कैद होऊ शकते, पण कायदा हलतो तो चित्रण झाल्यावर. म्हणून वेषांतर केलेल्या कॅमेऱ्यांची विक्री ओळखपत्राच्या नोंदीशिवाय होऊ नये. शोधपत्रकाराला नाव नोंदवायला अडचण नाही. सरकारने हा नियम करावा, आणि वर्ध्यातल्या वसतिगृहांनी व कपड्यांच्या दुकानांनी त्याची वाट न पाहता आपापल्या खोल्या आजच तपासून घ्याव्यात.