गिटार कुठाय?

फेनेशचा 'एंडलेस समर' कुणाला ऐकवला की हा प्रश्न येतोच. पाठोपाठ निकालही येतो, "हे संगीत नव्हे, मशीनची घरघर आहे." असं म्हणणारे बहुतेक वेळा आपल्यातलेच जाणकार असतात. डिसेंबरात स्वारगेटला उतरून मुकुंदनगरला सवाईच्या मांडवाकडे चालत जाणारे. तेव्हा आज त्यांच्याशीच भांडतो.

आधी अल्बमबद्दल. ख्रिस्तियान फेनेश हा ऑस्ट्रियाचा गिटारवादक. २००१ साली व्हिएन्नाच्या मेगो या कंपनीने त्याचा हा अल्बम काढला. गडी करतो काय, तर गिटार वाजवून आवाज संगणकात घेतो, त्याचे बारीक तुकडे करतो, ते ताणतो, एकावर एक रचतो, मुद्दाम फाटू देतो. छेडलेली तार मधूनच ओळखू येते आणि पुन्हा खरखरीत विरघळते.

आता आपला तंबोरा घ्या. मिरजेचा कारागीर घोडीचा माथा घासून घासून असा उतार काढतो की तार तिथे निसटती टेकावी. वर तार आणि घोडीच्या मध्ये सुताचा धागा सरकवायचा. हा सगळा खटाटोप कशासाठी? तारेचा साधा आवाज साधा राहू नये म्हणूनच ना! जवारी लागली की तो पसरतो, झणकारतो आणि खर्जाच्या तारेतून कुणीही न छेडलेला गंधार ऐकू येतो. त्याला आपण स्वयंभू म्हणतो, हात जोडतो. फेनेशच्या गिटारमधून न छेडलेले स्वर आले की मात्र "गिटार कुठाय?" हा कुठला न्याय?

"तिथे माणसाचा हात आहे, इथे माउस." ठीक. पण धागा किती सरकवायचा हे हात ठरवत नाही, कान ठरवतो. तुकडा कुठे कापायचा, किती ताणायचा, तेही कानच ठरवतो. आणि वाद्यांच्या जातीवरून निकाल देण्याची आपली परंपरा जरा आठवा. १९४० साली आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली होती आणि ती उठायला पुढची तीसएक वर्षं लागली. आज पेटीवाचून मैफल होते का?

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. तंबोरा म्हणजे नुसती भिंत, चित्र त्यावर काढायचं असतं. इथे गाणं सुरूच होत नाही! पण मैफलीआधी दोन तंबोरे जुळतात आणि सभागृह आपोआप गप्प होतं, तेव्हा तुम्ही काय ऐकत असता? गायकाने अजून तोंडही उघडलेलं नसतं. नादाच्या पोटात होणारे बदल ऐकत असता. फेनेश त्यांनाच गाणं मानतो, इतकंच.

या प्रकारात भिकार माल ढिगाने आहे, कबूल. झोप लागावी म्हणून विकलं जाणारं गुळगुळीत गुंजन मलाही सहन होत नाही. पण भिकार भावगीतं ऐकून कुणी भावगीतालाच 'हे संगीत नव्हे' म्हणत नाही.

मला राग याचा येतो की ज्यांचे कान तंबोऱ्याने घडवलेत, तेच दार लावून घेतात. वास्तविक हे ऐकायला तुमच्याइतकी तयारी दुसऱ्या कुणाची नाही. एकदा शीर्षकाचा तुकडा तरी नीट ऐका. आवडला नाही तर तसं सांगा, तो हक्क आहेच.

फक्त स्वारगेटच्या चौकात इयरफोन लावून ऐकू नका. तिथे खरखर फेनेशची की पीएमपीची, हे मलाही सांगता यायचं नाही!