शाल-श्रीफळ पुरे

आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, घरोट्यावर रचलेली त्यांची गाणी मुलगा सोपानदेव आणि एका नातलगानं उतरवून घेतली, म्हणून १९५२ साली, त्या गेल्यावर, पुस्तक झालं. २०१८ पासून जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. आनंदच आहे! पण घरोट्यावरच्या गाण्याचं कौतुक सोपं. आज स्वतः गाणं रचून जळगाव-धुळ्याच्या गावोगाव रात्री माइकवर गाणाऱ्या बाईच्या हाती काय पडतं? ढोलकीवाल्याला बिदागी, तिला शाल-श्रीफळ. पैसे मागितले की, ‘ताई, हे तर चळवळीचं काम!’ शेवटची एसटी चुकते, तेव्हा मुक्काम कुठे, हेही तिनंच पाहायचं. यापुढे बोलावणं देतानाच मानधन, भाडं, मुक्काम आणि संडासाची सोय कागदावर घ्या, असं मी प्रत्येक मंडळाला सांगते आहे, आपल्याही शाखांना.