पैलवानानं बोलायचं की कोपऱ्यातल्यानं?

मुक्काम : स्मृति नगर, भिलाई



हे पोस्टिंग निवांत आहे. एनसीसीच्या पोरांना ड्रिल शिकवायची, कॅम्पच्या याद्या करायच्या आणि संध्याकाळी स्मृति नगरातल्या भाड्याच्या खोलीवर परत यायचं. घरमालक मराठी. त्यांचे वडील विदर्भातून स्टील प्लांटच्या नोकरीला आले आणि इथलेच झाले. नातू अकरावीत आहे. मराठी छान बोलतो, फक्त हिंदीची फोडणी जरा जास्त असते. मी फौजी आणि त्यात तालमीत वाढलेला, त्यामुळे त्याच्याशी गट्टी लगेच जमली. तो मला मोबाईलवर डब्ल्यूडब्ल्यूई दाखवतो, मी त्याला एकेरी पट शिकवतो.

परवा तो म्हणाला, "काका, रिंगमध्ये कितीही भारी असू दे, माईकवर बोलता नाही आलं तर तो झीरो!"

मी हसून सोडून दिलं. पण दोनच दिवसांनी तेच वाक्य एका मोठ्या माणसाच्या तोंडून ऐकलं. आमच्याकडे एक कॅडेट आहे. खेड्यातला, अंगानं सडपातळ, मॅटवर वीज. एका ठिकाणी त्याच्या निवडीचा विषय चालू होता. तिथले एकजण म्हणाले, "पोरगा चांगला आहे, पण बोलत नाही. पर्सनॅलिटी नाही." यादी अजून पक्की झालेली नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

आधी नातवाची बाजू प्रामाणिकपणे मांडतो. टीव्हीवरच्या त्या कुस्तीचा निकाल आधी ठरलेला असतो. लोक निकालासाठी नाही, गोष्टीसाठी तिकीट काढतात. आता गोष्ट सांगायची म्हणजे तोंड लागणारच. कर्ट अँगलचंच बघा. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकचं सुवर्णपदक गळ्यात असूनही त्याला तिथे माईक हातात घ्यावा लागला, आणि त्यानं तो गाजवला. तेव्हा त्या धंद्यात बोलण्याला किंमत नाही, असं मी म्हणणार नाही.

पण पोरानं अर्धंच बघितलंय. आपला खली २००६ साली तिथे गेला. इंग्रजीची बोंब. मग काय केलं? आधी दैवारी नावाचा माणूस त्याच्या वतीनं बोलायचा, पुढे रणजीन सिंग दुभाषा म्हणून शेजारी उभा राहिला. खली नुसता उभा राहायचा आणि २००७ साली वर्ल्ड हेवीवेट चॅम्पियन झाला. ब्रॉक लेस्नर घ्या. हा तर अमेरिकेच्या विद्यापीठ कुस्तीतला २००० सालचा हेवीवेट विजेता, म्हणजे खरा मल्ल. त्याच्या वतीनं वर्षानुवर्षं पॉल हेमन बोलला. जिथे तोंडाचा बाजार आहे तिथेसुद्धा न बोलणाऱ्याला कुणी झीरो ठरवलं नाही. त्याच्या शेजारी बोलणारा माणूस दिला.

आणि ही युक्ती अमेरिकेची नाही, मंडळी. १९१० साली गामा लंडनला गेला. उंची कमी म्हणून त्याला दारातच अडवलं असं सांगतात. मग वर्तमानपत्रांतून आव्हानं देणं, बाहेरच्या जगाशी बोलणं हे काम त्याच्या मॅनेजरनं, बेंजामिननं केलं. त्याच वर्षी १० सप्टेंबरला गामा झिबिस्कोसारख्या धिप्पाड मल्लाशी अडीच तासांहून जास्त लढला. कुस्ती सुटली नाही. १७ तारखेला पुन्हा जोड ठरली, तेव्हा झिबिस्को आलाच नाही. गामाला लंडनमध्ये भाषण करता आलं असतं का, हे कुणी विचारलं नाही.

आपल्या जत्रेतल्या मैदानात याहून वेगळं काय असतं? पैलवान येतो, माती कपाळाला लावतो, शड्डू ठोकतो. तोंडातून शब्द नाही. हलगी त्याच्या वतीनं बोलते. निवेदक त्याचं गाव सांगतो, तालीम सांगतो, वस्तादाचं नाव घेतो. जोड लावायची, इनामाचं बोलायचं, पंचाशी भांडायचं ते वस्तादानं. आपल्या वाडवडिलांनी कामाची वाटणी केव्हाच करून ठेवली होती. आणि ज्याला आज करिष्मा म्हणतात तो शड्डूतच असतो. तो ऐकून समोरच्याच्या पोटात गोळा आला की झालं.

ही वाटणी मोडली की काय होतं, ते आपल्या खाशाबांना विचारा. गोळेश्वरचे खाशाबा जाधव. १९४८ साली लंडनला सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तर राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपलं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. कोपऱ्यातला माणूस तो हा! पण हेलसिंकीच्या मॅटजवळ असा माणूस नव्हता. जपानच्या इशीशी दमछाक करणारी कुस्ती झाली आणि लगेच सोव्हिएत संघाच्या मामेदबेकोव्हसमोर उभं राहायला सांगितलं. दोन कुस्त्यांमध्ये किमान अर्धा तास विश्रांती द्यावी असा नियम होता. तो नियम दाखवून हरकत घ्यायला भारताचा एकही अधिकारी तिथे नव्हता, असं आजवर सांगितलं जातं. खाशाबा तसेच उतरले आणि हरले. कांस्यपदक आलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरं यायला १९९६ उजाडलं.

आता मला सांगा, तिथे खाशाबांचं काय कमी पडलं? वक्तृत्व? पर्सनॅलिटी? परदेशात, घामानं निथळत, धाप लागलेली असताना त्यांनी पंचांना नियमावली वाचून दाखवायला हवी होती? कमी पडला तो बोलणारा माणूस. आणि ही गोष्ट तिथे संपली नाही. १९५५ साली ते पोलिसात सब-इन्स्पेक्टर म्हणून लागले, आयुष्यभर इमाने इतबारे नोकरी केली, आणि पेन्शनसाठी झगडावं लागलं. १९८४ साली रस्त्यावरच्या अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो गेल्यावर सोळा-सतरा वर्षांनी. माझे बरेच वाचक माजी सैनिक आहेत. आपली फाईल कुणी बोलणारा नसला की कशी धूळ खात पडते, हे त्यांना मी सांगायला नको.

ही गोष्ट मी घरमालकांना सांगितली तेव्हा त्यांनी वेगळीच आठवण काढली. भिलाईचा कारखाना सोव्हिएत मदतीनं उभा राहिला. करार १९५५ चा, पहिली भट्टी पेटली फेब्रुवारी १९५९ मध्ये. त्यांचे वडील रशियन इंजिनिअरांच्या हाताखाली होते. म्हणाले, "त्यांना हिंदी येत नव्हती, बाबांना रशियन येत नव्हती. मध्ये दुभाषी असायचा." रशियन साहेबाला बोलता येत नाही म्हणून त्याला परत पाठवा, असं कुणी म्हणालं नाही. लोखंड वितळवता येतं ना? मग बोलायला माणूस देऊ. साहेबाला दुभाषी मिळतो आणि खेड्यातल्या पोराला शेरा. हा न्याय मला पटत नाही.

कुणी म्हणेल, आजच्या जगात पोरानं बोलायला शिकू नये का? जरूर शिकावं. त्याच्याच जन्माला उपयोगी पडेल. पण ते गुणात भर म्हणून. ती चाळणी लावून कुस्तीगीर निवडू नका. त्या चाळणीतून बडबडे खाली येतील आणि पैलवान वर अडकून बसतील.

आता माझं स्वतःचं. हे मी आजवर लिहिलेलं नाही. काही वर्षांपूर्वी एका स्पर्धेत आमच्या पोराच्या कोपऱ्यात मी बसलो होतो. गुण ४-४, शेवटचा गुण आमचा, म्हणजे कुस्ती आमची. शेवटचे काही सेकंद. दोघं कडेला गेले आणि एकदमच बाहेर पडले. पंचांनी गुण समोरच्याला दिला. ५-४. मी खुर्चीवरून स्पष्ट बघितलं होतं, आधी पाय त्याचा बाहेर पडला होता. माझ्या हातात स्पंजचा ठोकळा होता. तो मॅटवर फेकला की व्हिडिओ तपासावा लागतो. चॅलेंज फसलं तर समोरच्याला आणखी एक गुण, पण आम्ही तसेही हरतच होतो. गमवायला काहीच नव्हतं.

समोर मोठे साहेब लोक बसले होते. माझा हात उठला नाही.

पोरानं माझ्याकडे एकदा बघितलं. बोलला काही नाही. तो बोलणारा नव्हताच. शिट्टी वाजली. नंतर बूट सोडताना एवढंच म्हणाला, "जाऊ द्या, उस्ताद." त्या वर्षी पुढच्या शिबिराचं बोलावणं त्याला आलं नाही. त्यालाही लोक म्हणाले असतील, पोरगा चांगला होता पण बोलत नव्हता. खरं म्हणजे मी बोललो नव्हतो.

म्हणून सांगतो. पैलवान बोलत नाही हा त्याचा दोष धरू नका. त्याच्या कोपऱ्यात कोण बसलंय आणि ते मूग गिळून का बसलंय, हे विचारा. जो ज्याचा वस्ताद, उस्ताद, साहेब किंवा बाप आहे, त्यानं आपल्या हातातला ठोकळा फेकावा.

सोमवारी मी त्या निवडीच्या ठिकाणी जाणार आहे. कॅडेटला सोबत नेणार नाही. त्यानं मॅटवर सराव करावा. बोलायचं काम माझं आहे.

जय हिंद.