फुटलेली स्क्रीन आणि पेचकस धरण्याचा हक्क



वस्तीतल्या घरात मोबाईल बहुधा एकट्याचा नसतो. आईच्या बचत गटाचे मेसेज, धाकटीचा अभ्यास, वडिलांना मुकादमाचा येणारा फोन आणि थोरल्याचा शिष्यवृत्तीचा अर्ज हे सगळे एकाच यंत्रावर चालते. महाडीबीटीचा फॉर्म, आधारचा ओटीपी, स्वाधार योजनेची कागदपत्रे, परीक्षेचे हॉलतिकीट या सगळ्यांची वाट त्या पाच-सहा इंची काचेतून जाते. ती काच फुटली आणि अर्जाची मुदत दोन दिवसांवर असली, तर एका विद्यार्थ्याचे वर्ष टांगणीला लागते. म्हणून आम्ही या विषयाला किरकोळ मानत नाही.

आमचे म्हणणे सरळ आहे. प्रत्येक वसतिगृहात, अभ्यासिकेत आणि विहारात निदान दोघांना तरी लॅपटॉप-मोबाईलची स्क्रीन बदलता आली पाहिजे, आणि त्या दोघांत एक मुलगी असली पाहिजे.

यावर आमचेच काही मित्र आक्षेप घेतात. ते म्हणतात, बाबासाहेबांनी गावकीची कामे सोडायला सांगितली, शिकायला सांगितले. आणि तुम्ही आमच्या पोरांच्या हातात पुन्हा पेचकस देता? हा आक्षेप प्रामाणिक आहे, पण त्यात गल्लत आहे. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतनाच्या प्रश्नावर विधेयक आणले ते कष्ट हलके म्हणून नव्हे. जन्माने लादलेले, मोबदल्याची हमी नसलेले आणि नाकारता न येणारे काम ही गुलामगिरी असते म्हणून. तेच बाबासाहेब १९४२ मध्ये व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात अस्पृश्य तरुणांना सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत उमेदवार म्हणून घ्या, अशी मागणी करतात. कारण उघड आहे. आधुनिक यंत्रावर हात बसला की जातीने ठरवलेल्या कामातून बाहेर पडण्याची वाट मिळते. मेलेले जनावर ओढायला लावणे आणि यंत्र उघडून त्याची रचना समजून घेणे यांना एकाच मापाने कसे मोजणार?

जातिव्यवस्थेने श्रमाची विभागणी करताना श्रमिकांचीही उतरंड केली, हे 'जातिप्रथेचे विध्वंसन' वाचलेल्या कार्यकर्त्याला सांगायला नको. त्या उतरंडीत ज्याच्या हाती पोथी त्याने हत्याराला शिवायचे नाही, आणि ज्याच्या हाती हत्यार त्याला पोथी मिळू द्यायची नाही, असा बंदोबस्त होता. दुःख याचे वाटते की नोकरीत स्थिरावलेल्या आमच्या पहिल्या-दुसऱ्या पिढीतही ही पोथीवाली नजर शिरली आहे. मुलाने कोडिंग शिकले तर कौतुक, सोल्डरिंग शिकले तर नाराजी. ही नजर आपली नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. लॅपटॉपची स्क्रीन बदलणे वाटते तितके अवघड नाही. आधी दोष ओळखावा. एचडीएमआय केबलने लॅपटॉपला टीव्ही किंवा दुसरा मॉनिटर जोडा. तिथे चित्र स्वच्छ आले तर बिघाड बहुधा पॅनलमध्ये किंवा त्याच्या केबलमध्ये आहे. मग लॅपटॉप बंद करून चार्जर काढा, खालचे झाकण उघडा आणि बॅटरीचा कनेक्टर सोडवा. ही पायरी कधीही गाळू नका. स्क्रीनभोवतीची प्लास्टिकची चौकट जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने हळूहळू सुटते. काही मॉडेलांत तिच्या रबरी टोप्यांखाली स्क्रू असतात, ते आधी काढावेत. पॅनल स्क्रूंवर किंवा ताणून काढायच्या चिकटपट्ट्यांवर बसवलेले असते. ते सोडवून कीबोर्डवर पालथे ठेवले की मागच्या स्टिकरवर त्याचा नंबर दिसतो. नवे पॅनल त्याच नंबरावरून घ्यायचे. इंच आणि रिझोल्यूशन जुळले तरी कनेक्टर ३० पिनांचा आहे की ४० पिनांचा, हे पाहायलाच हवे. केबलवरची टेप सोलायची, बारीक कडी असल्यास ती उचलायची आणि केबल सरळ रेषेत सरकवून काढायची. वर खेचायची नाही. नवे पॅनल जोडून, चौकट बसवण्याआधी, एकदा चालू करून बघायचे. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात तपकीर गल्ली इथे विचारपूस केली तर पॅनलचा खरा भाव कळतो. तो कळला की बिलातला मजुरीचा आणि नफ्याचा भाग किती, तेही कळते.

मोबाईलचे काम जास्त नाजूक आहे आणि ते आम्ही लपवणार नाही. तिथे डिस्प्ले गोंदाने चिकटवलेला असतो, तो ऊब देऊन सोडवावा लागतो, आणि आत लिथियमची बॅटरी असते. तिला टोक लागले तर ती पेटू शकते. बॅटरी फुगलेली असेल तर तो फोन घरी उघडूच नये. फुटलेल्या काचेवर आधी चिकटपट्टी लावावी आणि डोळ्यांवर चष्मा असावा. पाण्यापासूनचे कंपनीचे संरक्षण पुन्हा पहिल्यासारखे राहत नाही, हेही लक्षात ठेवावे. नवशिक्याने बंद पडलेल्या जुन्या फोनवर हात बसवावा. आणि चित्र दिसते पण टच चालत नाही अशा वेळी, फोनला ओटीजी चालत असेल तर, साधा माऊस जोडून अर्ज पूर्ण करता येतो आणि कागदपत्रे वाचवता येतात. ही एवढी माहितीही कुणाचे वर्ष वाचवू शकते.

मुलींच्या बाबतीत प्रश्न आणखी गंभीर आहे. दुरुस्तीला टाकलेल्या फोनसोबत तिचे फोटो, चॅट आणि बऱ्याचदा पासवर्डही अनोळखी माणसाच्या हाती जातो. हत्यारे फक्त मुलांच्या हाती राहिली तर ही असुरक्षितता आपण आपल्याच संघटनेत कायम ठेवतो.

दुरुस्ती अवघड होण्याचे एक कारण कंपन्यांचे धोरणही आहे. २०२१ मध्ये आयफोन १३ ची स्क्रीन बाहेर बदलली की चेहरा ओळखून फोन उघडण्याची सोय बंद पडत होती; जगभर ओरड झाल्यावर ॲपलने सॉफ्टवेअरमध्ये बदल केला. म्हणजे अडथळा काचेत नव्हता, मालकाच्या हुकमात होता. पैसे मोजून वस्तू तुमची, पण ती उघडण्याचा अधिकार दुसऱ्याचा! पाणवठा डोळ्यांसमोर असून पाण्याला शिवू न देणारी व्यवस्था ज्यांनी भोगली, त्यांना मक्तेदारीची ही भाषा ओळखू यायला हवी. दोन्ही अन्यायांची तीव्रता सारखी नाही. पण ज्ञान आणि साधने मूठभरांच्या ताब्यात ठेवण्याची रीत तीच आहे.

अमेरिकेतील ओरेगॉन राज्याने २०२४ मध्ये सुटे भाग सॉफ्टवेअरने जखडण्याविरुद्ध कायदा केला. युरोपीय संघात जून २०२५ पासून नव्या स्मार्टफोनचे महत्त्वाचे सुटे भाग, विक्री थांबल्यानंतरही सात वर्षे पुरवण्याचे बंधन आले. आपल्याकडे केंद्राने २०२२ मध्ये समिती नेमली आणि डिसेंबरमध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केले. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. घटनात्मक हक्कांची चळवळ चालवणाऱ्यांनी ही मागणीही आपल्या यादीत घ्यावी.

दोन गोष्टी स्पष्ट करतो. कोपऱ्यावरचा दुरुस्तीवाला आपला शत्रू नाही. तोही बहुधा कष्टकरी, मुस्लिम किंवा बहुजन घरातला, कुठलेही प्रमाणपत्र नसताना हुन्नर कमावलेला माणूस असतो. त्याच्याकडूनच शिकावे, त्याला अभ्यासिकेत बोलवावे आणि मानधन द्यावे. दुसरे, स्वतः दुरुस्ती करा म्हणजे सरकारने हात झटकावेत असा अर्थ कुणी काढू नये. सगळे अर्ज ऑनलाइन केले असतील तर वसतिगृहात चालू संगणक ठेवणे ही समाजकल्याण विभागाची जबाबदारी आहे, आणि ती आपण मागत राहू.

येत्या १४ एप्रिलला डीजेच्या वर्गणीतला थोडा वाटा बाजूला काढा. बारीक पेचकसांचा एक संच, प्लास्टिकच्या पट्ट्या, चिमटा, मल्टिमीटर आणि चारदोन बंद पडलेली यंत्रे एवढ्यावर विहारात दुरुस्तीची पेटी उभी राहते. महिन्यातून एक रविवार ठरवा. वंदना झाली की पेटी उघडा, आणि पहिला पेचकस धाकट्या बहिणीच्या हातात द्या.