जुन्या गाडीला मोठ्या बॅटरीचा मोह

आमच्या मोहल्ल्यात ज्यांच्या दारात गाडी आहे, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या गाड्या दहा-पंधरा वर्षांच्या आहेत. अल्टो, वॅगन आर, सॅन्ट्रो, एखादी इंडिका. कुणी सेकंड हँड घेतलेली, कुणी मोठ्या भावाकडून उतरलेली. पंधरा वर्षं झाली की आरटीओत नूतनीकरण करायचं आणि पुढची पाच वर्षं ढकलायची. या गाड्या शौकासाठी नाहीत. रात्री दोन वाजता कुणाच्या अब्बांच्या छातीत दुखायला लागलं, तर गल्लीतली हीच गाडी बाहेर निघते. म्हणून तिची बॅटरी हा किरकोळ विषय नाही. किल्ली फिरवल्यावर नुसतं टक-टक वाजलं तर काय होतं, हे अशा रात्री कळतं.

आणि नेमक्या याच भीतीवर बॅटरीच्या दुकानात एक शब्द विकला जातो: अपग्रेड. “सर, ३५ची कशाला घालता? थोडे पैसे टाका, ४५ची घाला. गाडी जुनी आहे, तिला ताकद पाहिजे.” हे वाक्य मी इतक्या दुकानांत ऐकलं आहे की ते मला पाठ झालं आहे. मी मुलांना उर्दू आणि मराठी शिकवतो, मोटारीचा इंजिनिअर नाही. पण या वाक्याची तपासणी करायला इंजिनिअर लागत नाही. सातवीचं गणित पुरतं.

आधी हे ३५ आणि ४५ म्हणजे काय ते पाहू. हा आकडा ताकदीचा नाही, साठ्याचा आहे. अँपिअर-अवर म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप, पाण्याच्या टाकीवर लिटर लिहिलेले असतात तसं. इंजिन फिरवण्याची ताकद वेगळ्या आकड्यात मोजतात. त्याला सीसीए म्हणतात, म्हणजे थंडीत बॅटरी एका दमात किती करंट देऊ शकते ते. दुकानदार या दुसऱ्या आकड्याचं नावही घेत नाही, आणि आपणही विचारत नाही.

आता हिशेब करा. छोटी पेट्रोल गाडी सुरू होताना सेल्फ साधारण १५० अँपिअर ओढतो असं धरू, तेही दोन सेकंद. म्हणजे ३०० अँपिअर-सेकंद. तासात ३६०० सेकंद असतात. भागाकार केला की उत्तर येतं ०.०८ अँपिअर-अवर. पस्तीसच्या टाकीतून एका स्टार्टला पाव टक्का वीज जाते! जी बॅटरी धड आहे, भरलेली आहे, तिच्या जोरावर ही गाडी एकदा नव्हे, अनेकदा सुरू होईल. मग गाडी सुरू होत नाही याचं कारण टाकी लहान आहे हे नक्कीच नाही. टाकी रिकामी आहे, किंवा फुटकी आहे, किंवा टाकीपासून नळापर्यंतचा पाइप तुंबला आहे.

जुन्या गाडीत या तीनही गोष्टी होतात, आणि तिन्हींवर मोठी बॅटरी हा इलाज नाही.

गळती घ्या. जुन्या गाडीत मागच्या मालकाने टेप बसवलेला असतो, सेंट्रल लॉक, अलार्म, रिव्हर्स कॅमेरा, सगळं बाहेरच्या बाहेर वायर जोडून. गाडी बंद असतानाही या वस्तू थोडी थोडी वीज पीत राहतात. गाडी बंद असताना ५० मिलिअँपिअरच्या आत करंट जात असेल तर ते चालतं. पण चुकीच्या वायरवर जोडलेला टेप ३०० मिलिअँपिअर ओढत असेल तर? दिवसाला ७.२ अँपिअर-अवर गेले. पस्तीसची बॅटरी पाच दिवसांत कोरडी होईल. पंचेचाळीसची सव्वासहा दिवसांत. हजार-दीड हजार जास्त मोजून तुम्ही काय विकत घेतलंत? सव्वा दिवस. आमच्या शाळेतल्या एका सहशिक्षकांनी दोन वर्षांत दोन बॅटऱ्या बदलल्या, दुसरी पहिलीपेक्षा मोठी. शेवटी दोष निघाला डिकीच्या दिव्याचा. डिकी बंद झाली तरी तो विझतच नव्हता. दोन्ही वेळा ज्या दुकानात बॅटरी घेतली, तिथे कुणी तपासण्याचा विषयही काढला नव्हता.

दुसरी गोष्ट चार्जिंगची. गाडी चालू असताना बॅटरीच्या दोन टोकांवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. आपले मिस्त्री ज्याला अजून डायनॅमो म्हणतात, तो अल्टरनेटर थकला असेल किंवा पट्टा सैल असेल तर १३च्या आसपासच मिळतात. मग बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही. अर्धवट भरलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेटचा थर धरतो, तो कडक होतो आणि बॅटरी मरते. मोठी घातली तर मोठी मरेल, एवढाच फरक.

तिसरी गोष्ट अर्थिंगची. बॅटरीच्या निगेटिव्हकडून बॉडीला आणि इंजिनला जाणारी जाड वायर पंधरा वर्षांत गंजते, नटाखाली रंग आणि मळ साठतो. बॅटरी बारा व्होल्ट देते, सेल्फपर्यंत दहासुद्धा पोचत नाहीत. दिवे मंद, सेल्फ जड, आणि खापर बॅटरीवर. एक सँडपेपर आणि नवी अर्थिंग वायर एवढंच हवं असतं.

हे सगळं तपासायला लागतो एक मल्टिमीटर आणि पंधरा मिनिटं. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट असतील तर ती भरलेली आहे, १२.२ असतील तर जेमतेम अर्धी. सेल्फ मारताना व्होल्टेज ९.६च्या खाली कोसळलं तर बॅटरी संशयित, पण आधी ती चार्ज करून पुन्हा पाहायची. इंजिन चालू झाल्यावर किती व्होल्ट येतात ते पाहायचं. मग इंजिन बंद करून, सगळी दारं लावून, निगेटिव्ह वायर सोडवून मीटर मध्ये जोडायचा आणि गळती मोजायची. मीटर असा जोडलेला असताना मात्र सेल्फ मारायचा नाही.

मोठी बॅटरी बसवली तर डायनॅमो जळतो अशी एक उलटी अफवाही गॅरेजमध्ये फिरते. तीही खरी नाही. बॅटरी आपल्याला हवा तेवढाच करंट घेते. गाडी डिझेल असेल तर तिला मुळातच जास्त ताकदीची बॅटरी लागते. कंपनीने त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीला मोठी बॅटरी दिली असेल, ट्रेमध्ये ती नीट बसत असेल, तर जरूर घ्या. पण “नीट बसत असेल” या तीन शब्दांत बरंच काही आहे. आपल्या छोट्या गाड्यांत सहसा ३८ बी २० एल किंवा आर असा नंबर असतो. त्यातले २० म्हणजे लांबी, सुमारे २० सेंटिमीटर. पंचेचाळीसची म्हणून जी देतात ती बहुधा बी २४ असते, म्हणजे चार सेंटिमीटर जास्त लांब. एल आणि आर ही टर्मिनलची बाजू. ट्रेमध्ये मावत नाही म्हणून क्लॅम्प काढून टाकतात, लाकडाची चिपटी ठोकतात, टर्मिनल जाड निघाला तर वायरचं तोंड हातोडीने फाकवतात. सैल बॅटरी आपल्या रस्त्यांवर दिवसभर हादरते आणि आतल्या प्लेटा झडतात. वर उसळून टर्मिनल बोनेटला टेकला तर ठिणगी. याला अपग्रेड म्हणायचं?

त्याहून महागडा मोह एजीएम किंवा ईएफबी बॅटरीचा. सिग्नलला आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होणाऱ्या नव्या गाड्यांसाठी त्या बनल्या आहेत. तुमच्या २००९च्या वॅगन आरला तो व्यायाम करायचाच नाही. मराठवाडा-विदर्भात मे महिन्यात सावलीतला पारा ४३-४४ वर जातो, बोनेटखाली तर विचारूच नका. उष्णता हा बॅटरीचा सगळ्यात मोठा शत्रू आहे, आणि एजीएमलाही ती मानवत नाही. उन्हाळ्यात खिळखिळी झालेली बॅटरी डिसेंबरच्या पहाटे दगा देते, आणि आपण थंडीला दोष देतो. गाडी सावलीत लावणं आणि झाकणांची बॅटरी असेल तर डिस्टिल्ड वॉटर वेळेवर घालणं, हे दोन बिनपैशांच्या जवळपासचे अपग्रेड आहेत.

वॉरंटीचाही हिशेब करा. “साठ महिने” असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, पण ते तीस अधिक तीस असू शकतं. पहिले तीस महिने फुकट बदलून, पुढचे तीस फक्त सवलत. ती सवलत छापील किमतीवर मिळते. समजा छापील किंमत ५००० आहे आणि दुकानात बॅटरी ३८०० ला मिळते. ३० टक्के सवलत मिळाली तर तुम्ही ३५०० भरणार. वाचले किती? तीनशे. वॉरंटीचे एकूण महिने पाहू नका, फुकट बदलीचे महिने किती ते विचारा.

आता थोडं कडू. दोष फक्त दुकानदाराचा नाही. आपल्या गल्लीतला मिस्त्री पंधरा मिनिटं वाकून गळती शोधतो, डिकीचा स्विच ठीक करतो आणि दोनशे रुपये मागतो, तेव्हा आपण म्हणतो, “चाचा, केलंच काय तुम्ही? एक स्विच तर दाबला!” पन्नास हातावर टेकवतो. तोच माणूस बॅटरी विकतो तेव्हा चार हजार निमूट देतो. तपासण्याचे पैसे आपण देणार नसू, तर तो तपासेल कशासाठी? त्याचं घर विक्रीवरच्या कमिशनवर चालणार असेल, तर तो विकणारच. हुनर आपल्या वस्त्यांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. ज्या हातांना गाडीचा आवाज ऐकून दुखणं कळतं, त्या हातांना आपण खोकी विकायला बसवलं आहे. वस्तूला किंमत आणि अकलेला मात्र भीक, ही सवय शिक्षकाला तरी शोभत नाही. आपण स्वतः अकलेचीच तनखा घेतो.

आणि विनाकारण बदललेली प्रत्येक बॅटरी कुठे जाते? तिच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग शिसं असतो. २०२२च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती नोंदणीकृत पुनर्वापर कारखान्यात पोचली पाहिजे. पण देशात कित्येक ठिकाणी ती उघड्यावर फोडून भट्टीत वितळवतात. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२०च्या अहवालानुसार जगातल्या दर तीन मुलांमागे एकाच्या रक्तात शिसं चिंताजनक पातळीला आहे, आणि त्यामागच्या मोठ्या कारणांत या बॅटऱ्यांचं बेकायदा वितळवणं आहे. शिसं मुलांच्या मेंदूवर घाव घालतं. अशा भट्ट्यांशेजारी राहणारी मुलं गरिबांचीच असतात. वर्गात ज्याला आपण “मठ्ठ” म्हणतो, त्याच्या घरामागे काय जळतं हे आपण कधी विचारत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी सेल्फ उचलला नाही, तर आधी मिस्त्रीला बोलवा. तपासायचे दोनशे आधीच ठरवा आणि हसत द्या. बॅटरी खरंच संपली असेल तर कंपनीने सांगितलेल्याच मापाची घ्या. त्या मापात ज्या दोन-तीन मिळतील त्यांत सीसीए जास्त असलेली, फुकट बदलीचे महिने जास्त असलेली आणि ताजी. वर कोरलेली बनावटीची तारीख दुकानदाराकडून वाचून घ्या. सहा महिन्यांहून जुनी असेल तर परत ठेवायला सांगा. बसवण्याआधी मीटर लावायला लावा, १२.४च्या खाली असेल तर नको म्हणा. जुनी बॅटरी भंगारवाल्याला न देता त्याच दुकानात जमा करा, बिलावर तिची वजावट लिहून घ्या आणि वॉरंटी कार्डावर शिक्का आणि तारीख पाहिल्याशिवाय उठू नका.

एवढं विचारलं की दुकानदार थोडा वैतागेल. वैतागू द्या. पुढच्या गिऱ्हाइकाला तो “ताकद” विकण्याआधी एकदा मीटर लावेल.