वाकणारे आपणच

असोदा हे कवयित्री बहिणाबाई चौधरींचं माहेर. १८८० मध्ये त्या इथे जन्मल्या. अक्षर शिकल्या नाहीत, तिशीत विधवा झाल्या, जन्मभर शेतात राबल्या. २०१८ पासून जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे आणि आपली छाती त्याने फुगते. पण तशीच एखादी अडाणी, राबणारी विधवा आज खान्देशातल्या कुठल्याही ग्रामसभेत रेशनचा हिशेब विचारायला उठली, तर तिला बोलू कोण देतं? ‘तू बस वं माय’ म्हणून तिला खाली बसवणारे आपणच असतो. ज्याच्याकडे जमीन जास्त, त्याच्या कपाळावर आठी पडण्याआधीच आपण तिला गप्प करतो.

जुलूम पैशातून उगवतो, हे अर्धंच खरं आहे. पैशाला सत्ता आपण देतो. जळगावचं घरकुल प्रकरण आठवा. गरिबांसाठी काढलेल्या घरांची ही योजना, आणि घोटाळा सुमारे २९ कोटींचा. २००६ मध्ये महापालिका आयुक्त प्रवीण गेडाम यांनी फिर्याद दिली. ३१ ऑगस्ट २०१९ ला धुळ्याच्या विशेष न्यायालयाने दोन माजी मंत्र्यांसह ४८ जणांना दोषी ठरवलं; त्यावर पुढे अपिलंही झाली. पण न्यायालयाच्या आधी निकाल द्यायची संधी आपल्याला होती. फिर्याद होऊन तीन वर्षं उलटली होती, तरी २००९ च्या विधानसभेला त्या दोघांनाही आपण निवडून दिलं. मिरवणुकीत गुलाल आपण उधळला. घराची वाट पाहणारी माणसंसुद्धा त्या गुलालात होती, याचं मला फार दुःख होतं.

मोठ्या वाड्यातला जुलूम दिसतो तरी. आपल्या घरातला दिसत नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, वर्षभराच्या कामासाठी सालदार ठरतो. पोरीच्या लग्नासाठी, नाहीतर आजारपणासाठी तो उचल घेतो आणि त्या उचलीपायी पुढचं साल, त्याच्या पुढचं साल त्याच मालकाकडे काढतो. शहाद्याकडे तर कर्जात जमिनी गमावलेले भिल्ल आपल्याच जुन्या शेतात सालदार झाले होते. आदिवासी नेते अंबरसिंग सुरतवंती यांनी १९७२ च्या सुमारास त्यांना उभं केलं, तेव्हा हादरलेल्यांत पाच-दहा एकरवालेही होते. सावकाराच्या नावाने बोटं मोडणारा शेतकरी सालदाराचा एका दिवसाचा खाडा मात्र विसरत नाही. वरच्यापुढे वाकायचं आणि खालच्याला वाकवायचं, ही रीत आपण पोरांनाही शिकवतो.

येत्या आखाजीला उचलीचा हिशेब कागदावर मांडा. एक प्रत सालदाराच्या हाती द्या, आणि त्याला वाचता येत नसेल तर त्याच्या शाळेतल्या पोरीकडून ती मोठ्याने वाचून घ्या. घरकुलाची यादी ग्रामसभेत नावानिशी वाचायला लावा. आणि ती विधवा उठली, की तिचं बोलणं संपेपर्यंत कोणीही तिला खाली बसवू नये.